फक्त ओठ हलव

माझा मामा माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याच्या नावाने बोटं मोडणार. मीही मोडलीत, पोटभर मोडलीत. पण लहानपणी ताप आला की ज्याने मला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं आणि वाटभर गाणी म्हणून हसवलं, त्याला वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याचा कान जरा जास्तच चांगला होता आणि तिथेच सगळं नडलं.

मामा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. पत्रा कापायचा, वाकवायचा, ठोकायचा. ट्रंका, पाण्याच्या टाक्या, दुकानांची शटरं, काय म्हणाल ते. दिवसभर त्या ठणठणाटात उभं राहायचं आणि संध्याकाळी हातपाय धुऊन थेट चर्चच्या हॉलमध्ये जायचं. तिथे तो आमच्या मंडळीच्या क्वायरचा मास्तर. पगार नाही, काही नाही, उलट पेटीचा भाता फाटला तर तोही यानेच शिवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणायचे, अगदी पाळकसाहेबसुद्धा. आणि मास्तर म्हटलं की याची मान अशी काही ताठ व्हायची की बघून माझ्या आईला, म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीला, हसू आवरायचं नाही.

त्याची शिकवायची एक पद्धत होती. गाणाऱ्याच्या मागे जाऊन उभा राहायचा आणि दोन खांद्यांच्या मध्ये पंजा टेकवायचा. "आवाज पाठीत वाजला पाहिजे," म्हणायचा. "ओठ काय, कुणीही हलवतं. मासाही हलवतो." नुसतं तोंड हलवून वेळ मारून नेणारा त्या पंजाखाली हमखास सापडायचा. मी दोनदा सापडले, आणि दोन्ही वेळा सगळ्यांसमोर 'मासोळीबाई' म्हणवून घेतलं. मग मी गाण्याचा नाद सोडला आणि शिवणकाम धरलं. क्वायरचे पांढरे झगे पुढे कितीतरी वर्षं माझ्याच मशीनवर शिवले गेले.

आता मामी. मामी रुग्णालयाच्या लाँड्रीत होती. तिथली ती मोठाली यंत्रं घरघरत असायची, त्या आवाजावर मात करून बोलायचं तर गळा उघडावाच लागायचा. त्यामुळे मामी घरात मीठ मागायची तेही शेजाऱ्याला ऐकू जायचं. गाणं तर विचारूच नका. सूर एकीकडे, मामी दुसरीकडे, आणि दोघांची गाठ पडली तर पडली. पण अशी मनापासून गायची ना! चादरींच्या घड्या घालताना गायची, भांडी घासताना गायची, चर्चमध्ये तर डोळे मिटून, हात जोडून, सगळ्यांच्या वर. समोरच्या बाकावरची माणसं दचकून मागे वळायची, तर ही आपली डोळे मिटूनच.

आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिच्या घरी जे व्हायचं, तेच माझ्यासाठी नाताळ होतं. तिच्या वडिलांनी खोक्याच्या फळ्यांची एक छोटी गव्हाण करून दिलेली होती. त्यांनीच रचलेलं एक गाणंही होतं, मामीला लहानपणी शिकवलेलं. बाळ येशूची मातीची मूर्ती होती, नाकाचा टवका उडालेली. मामी ते बाळ हातरुमालात गुंडाळून छातीशी धरायची आणि गायची:

"उघडा दार, आणा पांघरूण,
बाळ देवाचं कुडकुडतं..."

तिचा नियमच होता: गाणं झाल्याशिवाय बाळ गव्हाणीत ठेवायचं नाही. "आलेल्या पाहुण्याला आधी या म्हणावं, मग बसवावं," म्हणायची. आधी मामा शुभवर्तमानातला जन्माचा भाग वाचायचा, आम्ही गुडघे टेकायचो, मग गाणं व्हायचं आणि बाळ गव्हाणीत जायचं. त्या दिवसांत मामाला मामीच्या सुराचं काही वाटायचं नाही. उलट गालातल्या गालात हसायचा, आणि एकदा आईला म्हणाला होता, "हिचा सूर सोड, हिचा भाव बघ. देव हिचंच आधी ऐकत असेल." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

मग ती स्पर्धा आली. मेली ती स्पर्धा! शहरातल्या सगळ्या मंडळ्यांच्या क्वायरनी नाताळच्या आधी नगर सभागृहात गायचं, तीन परीक्षकांनी गुण द्यायचे आणि पहिला येईल त्याला पितळी ढाल. पहिल्या वर्षी आमचा नंबर शेवटून दुसरा आला. एक परीक्षक सगळ्यांसमोर म्हणाला, "डाव्या बाजूने एक आवाज फार बाहेर येतो." क्वायरच्या रांगेत डावीकडे मामी उभी असायची. मामा घरी आला तो जेवलाच नाही. कारखान्यात कुणी काही बोललं तर हसण्यावारी नेणारा माणूस, पण हे त्याच्या वर्मी लागलं.

पुढच्या वर्षी सराव सुरू झाला. मी हॉलच्या कोपऱ्यात बसून झग्यांना दुमड घालत होते. मामाने गाणं मध्येच थांबवलं, डावीकडे बघितलं आणि म्हणाला, "तू फक्त ओठ हलव."

मामीला वाटलं दुसऱ्या कुणाला म्हणतोय. तिने मागे वळून बघितलं.

"तुलाच सांगतोय. उभी राहा, झगा घाल, पण आवाज नको. नुसते ओठ."

त्यापेक्षा काढून टाकायचं होतं क्वायरमधून! पण नाही. मास्तरची बायकोच रांगेत नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील, हेही होतंच. म्हणजे बायको दिसायला हवी, ऐकू यायला नको. कुणीतरी फिस्सकन हसलं. मामीचा चेहरा लालबुंद झाला. पण ती एवढंच म्हणाली, "बरं." आणि गाणं पुन्हा सुरू झालं. ज्या माणसाने आयुष्यभर ओठ हलवणाऱ्यांना पकडलं, त्याने स्वतःच्या बायकोला ते करायला लावलं. मला इतका संताप आला की सुई बोटात घुसली. पण माझं वय ते काय, आणि माझं ऐकतो कोण?

त्या वर्षी ढाल आमच्याकडे आली.

एक आली म्हणून दुसरी हवी, दुसरी आली म्हणून तिसरी. ढाली ठेवायला जागा लागली, तेव्हा ज्या फळीवर गव्हाण मांडायची त्या फळीवर ढाली बसल्या आणि गव्हाण कपाटाच्या डोक्यावर गेली. मामी हसून म्हणाली होती, "तेव्हा बाळाला उतारशाळेत जागा नव्हती, आता आपल्याकडे नाही." मामा त्या वेळी गाण्याच्या प्रती जुळवत होता, त्याने हूं केलं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी क्वायरची माणसं घरी यायची, चहा व्हायचा, दुसऱ्या दिवशीच्या गाण्यांची उजळणी व्हायची. वाचन राहून जायचं. कधी पाळकसाहेबांनी आठवण केली तर मामा म्हणायचा, "सकाळी चर्चमध्ये होणारच आहे की." आणि बाळ? कुणीतरी खोक्यातून काढून गव्हाणीत टाकायचं, येता जाता, दिव्यांची माळ लावल्यासारखं. त्याला 'या' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

मामी घरीही गायची बंद झाली होती. हे मामाच्या लक्षात यायला किती वर्षं जावीत? ज्याला पेटीची एक पट्टी किंचित उतरली तरी झोप येत नाही, त्याला स्वतःचं घर मुकं झालेलं ऐकू आलं नाही. मी एकदा मामीला विचारलं, "मामी, भांडी घासताना गायचीस ना तू?" तर म्हणाली, "सवय गेली गं. तोंड उघडलं की वाटतं, डावीकडून आवाज बाहेर येतोय." आणि वर हसली.

मग मामाचे कान जायला लागले. जाणारच होते. जन्मभर पत्र्यावर हातोडा मारला होता, कानात कधी कापसाचा बोळा घातला नाही. का, तर "कान झाकला की सूर मरतो". आधी त्याने क्वायरलाच झापायला सुरुवात केली. "तोंडात गूळ धरलाय का? मोकळं गा!" ती बिचारी माणसं घसा फुटेस्तोवर ओरडायची. शेवटी एका स्पर्धेत गाणं संपलं, सगळे गप्प उभे राहिले आणि मामाचे हात चालूच. पुढचं कडवं चालू आहे असं समजून तो डोळे मिटून हात हलवत होता. सभागृहात खसखस पिकली. रांगेतून मामी पुढे आली, तिने त्याचे दोन्ही हात धरले आणि खाली केले. मी मागच्या खुर्चीवर होते. तेवढ्यापुरती तरी मी स्पर्धा, ढाल, सगळं विसरले आणि ढसाढसा रडले.

पाळकसाहेब घरी आले, खूप सांभाळून बोलले. शाळेत गाणं शिकवणाऱ्या एका बाईंकडे क्वायर गेली. मामाने कानात यंत्र घालून पाहिलं, चार दिवसांत काढून ठेवलं. म्हणाला, "यात माणसं नाही, पातेली बोलतात." डॉक्टरने साफ सांगितलं की उजवा कान गेलेला आहे, डाव्यात थोडं शिल्लक आहे आणि तेही टिकणार नाही.

आता कारखानाही सुटला, क्वायरही. मामा खिडकीपाशी खुर्ची टाकून बसू लागला, आणि तेव्हा कुठे त्याला मामीचं गाणं आठवलं. एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले होते. तो मामीला म्हणाला, "ते तुझ्या बाबांचं म्हण ना. दार उघडा, पांघरूण आणा." आणि डावा कान तिच्याकडे केला, कानामागे हात धरून.

मामीने तोंड उघडलं. ओठ हलले. मामा आणखी वाकला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "गातेय ना ती? मला काहीच ऐकू येत नाही. गेला वाटतं हाही कान."

खोलीत चिडीचूप होतं. मी मामीकडे बघितलं, तिने मान खाली घातली. मी मामाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "आज घसा बसलाय तिचा. नाताळला म्हणेल." त्याचा चेहरा उजळला. तिथून पुढे त्याने तेवढंच धरून ठेवलं. कान जायच्या आत एकदा तिचा आवाज ऐकायचा. दुसरं काही नको होतं त्याला. भेटेल त्याला सांगायचा, "नाताळला ही गाणार आहे."

नाताळच्या सकाळी आम्ही तिघं चर्चमध्ये एका बाकावर बसलो. बाईंची क्वायर छान गायली, उगाच कशाला नावं ठेवू. मग सगळ्या मंडळीने उठून गायचं होतं. सगळे उभे राहिले. मामी हात जोडून, डोळे मिटून, अगदी पहिल्यासारखी. मामाने डावा कान तिच्या तोंडाशी नेला. ओठ हलत होते. एक कडवं झालं, दुसरं झालं. मग मामाने जे आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाबतीत केलं तेच केलं. तिच्या मागे सरकला आणि दोन खांद्यांच्या मध्ये पंजा टेकवला.

गाणं संपेपर्यंत त्याने हात काढला नाही. सगळे बसले, हे दोघं उभेच. मामा बोलला, आणि बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, त्यामुळे अख्ख्या चर्चला ऐकू गेलं: "तू गात नाहीयेस."

मामी वळली. हळूच म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं ना."

त्याला ते ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण तिचे ओठ त्याने वाचले. इतकी वर्षं ज्या ओठांकडे त्याने बघितलं नव्हतं ते आता त्याला वाचावे लागत होते. मामा मटकन बाकावर बसला. पाळकसाहेब पुस्तक उघडून थांबले होते. मामा पुन्हा उठला आणि पुढे बघून म्हणाला, "मंडळी, मी हिला सगळ्यांसमोर गप्प केलं होतं, म्हणून सगळ्यांसमोरच सांगतो. मी चुकलो. नाताळ कुणाचा तेच विसरलो मी. बाळाकडे बघायचं सोडून परीक्षकांकडे बघत बसलो." आणि मग लहान पोरासारखा रडला. त्याला सावरता सावरता मामीच्या डोळ्यांना धार लागली. पाळकसाहेबांनी थोड्या वेळाने वाचायला घेतलं.

घरी आल्यावर त्याने स्वतःच्या हाताने ढाली उतरवल्या आणि स्वतःच बनवलेल्या एका ट्रंकेत भरल्या. गव्हाण कपाटावरून फळीवर आली. मला वाटलं, झालं, सुटलं सगळं. दुसऱ्या दिवशी मी मामीला कोपऱ्यात घेऊन म्हटलं, "अगं, आता तरी म्हण की! माफी मागितली त्याने, चारचौघांत मागितली. अजून मनात धरून बसलीस होय?"

"माफ तर मी त्यांना त्याच दिवशी केलं होतं, सरावाच्या," मामी म्हणाली. "मनात काही नाही गं. पण गळ्याला कोण समजावणार? कान पुढे आला की वाटतं गुण देतायत. आणि पाठीवर हात आला की गळा धरल्यासारखा होतो. मी करते ना प्रयत्न. रोज करते."

आणि खरंच करायची. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मामा तिच्या मागे उभा राहायचा, पंजा टेकवायचा आणि वाट बघायचा. मी त्याला दहादा सांगितलं, अरे बाबा, हात काढ, तू हात काढलास की येईल. तर म्हणायचा, "कान जातोय माझा. हात काढला तर कळणार कसं?" त्याचंही चूक होतं असं कसं म्हणू? पुढचा नाताळ यायच्या आत डावा कानही गेला. ढोल वाजवा, फटाका फोडा, मामाला काही नाही.

त्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. मामाने जन्माचा भाग वाचला, मोठ्याने, एकेक शब्दावर बोट ठेवून. आम्ही गुडघे टेकले. मग मामीने रुमालातलं बाळ छातीशी धरलं. मामा तिच्या मागे गेला, पंजा टेकवला. ओठ हलले. पाठ काही वाजली नाही. मामाने बराच वेळ वाट पाहिली, मग तिच्या खांद्यावर थोपटलं, "असू दे, असू दे" म्हणाला आणि खिडकीपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून बसला.

मामी फळीसमोर तशीच उभी होती. बाळाच्या टवका उडालेल्या नाकावर तिने बोट फिरवलं. आणि मग, मला आधी कळलंच नाही आवाज कुठून येतोय ते, खरखरीत, जड, गंजलेल्या कडीसारखा एक आवाज निघाला.

"उघडा दार, आणा पांघरूण..."

सूर कुठल्या कुठे! पण आवाज वाढत गेला, पहिल्यासारखा, लाँड्रीतल्या यंत्रांच्या वर जाणारा. शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं. मामी डोळे मिटून गात होती, घळाघळा रडत होती आणि गात होती. हातभर अंतरावर मामा खिडकीबाहेर बघत बसला होता. मी त्याला हलवायला उठले, पण अर्ध्यातच थांबले. हात पाठीवर आला की गळा बंद होतो, हे मला ठाऊक होतं. मी उभीच राहिले आणि गाणं पूर्ण होऊ दिलं. शेवटची ओळ झाली आणि मामीने बाळ गव्हाणीत ठेवलं.

तेवढ्यात मामा वळला. गव्हाणीकडे बघून त्याच्या भुवया वर गेल्या. "ठेवलंस पण बाळ? गाण्याशिवायच?"

"झालं गाणं," मामी म्हणाली, तोंड मोठं करून, त्याला वाचता यावं म्हणून. "आत्ताच म्हटलं."

मामाने तिच्या ओल्या डोळ्यांकडे बघितलं आणि समजुतीने हसला. "सणाच्या दिवशी माझ्यासाठी खोटं नको बोलूस गं."

"अरे खरंच म्हटलं!" मी त्याच्यासमोर जाऊन ओरडले, हाताने खुणा केल्या, गळ्याला हात लावून दाखवला. "मी ऐकलं ना, मामा! शेजाऱ्यांनीसुद्धा ऐकलं!"

त्याने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग माझ्या डोक्यावर टपली मारली आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

"ओठ काय," म्हणाला, "कुणीही हलवतं."